कुंकवापुरती जागा

मसुराच्या डाळीएवढा डाग होता तो — तांबूस, कडेनं काळा पडलेला, आणि मध्ये इतका बारीकसा खोलगट की डोळ्यांना दिसायच्या आधी बोटालाच कळावा. मंजूषानं अनामिका त्यावर टेकवली आणि ती तिथे नेमकी बसली... बाकीची नळी टेबलावरच्या फडक्यावर एकटीच पडलेली, दस्ता नाही, खटका नाही, मोडलेल्या घरातून काढून आणलेला नळाचा पाइप म्हणावा तशी. पण स्वच्छ, तेलानं मऊ चमकणारी. आणि त्यात हा एवढाच डाग.

"ह्याचं मी तुमच्या नवऱ्याला दर वर्षी विचारतो," बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा म्हणाला, सावकाश, तिला समजेल अशा सोप्या डचमध्ये. "तो नुसता हसतो. सगळी नळी पुसेल, तेल देईल, पण ह्याच्या भोवतीनं. हा तेवढा सोडून. इतका नीटनेटका माणूस, आणि इथेच कसा आळशी, मला काही उमगत नाही."

भोवतीनं. हा सोडून.

आतल्या खोलीत तिचा नवरा, प्रसन्न, नवी नळी बसवलेली रायफल उजेडाकडे धरून पाहत होता, त्याची पाठ तेवढी दिसत होती. तिनं बोट उचललं नाही. काय सांगणार होती ती म्हाताऱ्याला? "लाल पूड," ती म्हणाली, "पाण्यात कालवलेली. देवाची." त्यानं मान डोलावली, जशी कुणी भिंतीच्या रंगाचं नाव सांगितल्यावर डोलावतात. "तरी नळी त्या डागानं गेली नाही बरं का. आतले पीळ, गोळीला फिरवणारे, ते झिजले, वापरून वापरून." मग आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "नळी बंदुकीपेक्षा महाग! गंजक्या सायकलीला शर्यतीची चाकं लावतोय हा माणूस!" आणि आतून प्रसन्नचं हसू आलं — किती दिवसांनी...

त्यानं नाही लावली, मी लावायला सांगितली, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

प्रसन्ननं ती रायफल विलेमकडून घेतली, त्याच्या ऑफिसातल्या, निवृत्त होऊन सतत रानात राहणाऱ्या विलेमकडून. आधीच कुणाकुणाच्या हातून फिरून आलेली, साध्यातली साधी, दस्त्याचं लाकूडसुद्धा फिकट, शाळेच्या बाकासारखं. ती घरात आली तेव्हा मंजूषा रडली नव्हती, भांडलीही नव्हती. भांडणं तिला कधी जमलंच नाही. तिनं फक्त नियम केले. मारलेलं काही घरात येणार नाही, ते विलेमकडेच राहील. रानातून आल्यावर आंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही, देवाजवळ नाही, आणि — हे तिनं मान खाली घालून सांगितलं होतं — माझ्याजवळही नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आणि तरी त्याच वर्षी खंडेनवमीला, ती पाटावर विळी, त्याचा लॅपटॉप, मुलीची — सलोनीची — कंपासपेटी मांडत असताना, तो आंघोळ करून आपणहून खाली आला, हातात ती रायफल. "आज हत्यारं पुजायची ना? मग हे काय लाटणं आहे?" पाटावर ठेवली, पण हात काढीना. "अहो, हात काढा की." "नाही गं, परवाना माझ्या नावावर आहे, देवीच्या नाही." हसू दाबत तिनं कुंकवाचं बोट टेकवलं होतं, नळीच्या पुढच्या टोकाशी, त्याच्या हातापासून जितकं लांब टेकवता येईल तितकं लांब... आणि मग दर वर्षी तिथेच. पुढे तो ते पुसून टाकत असेल असंच तिनं धरलं होतं. तोच तर सलोनीला रागवायचा, हात लावू नकोस, घामाचा एक ठसासुद्धा खातो पोलादाला.

"निघायचं?" प्रसन्न तिच्या मागे उभा होता. तिनं बोट मागे घेतलं.

गाडीत तिला जरा हलकं हलकं वाटत होतं, नवरात्राच्या उपासाचा नववा दिवस, शिवाय घरी अखंड दिवा सलोनीवर सोपवून आलेली. नऊ दिवसांत ती अशी उंबऱ्याबाहेर कधी पडत नाही. आज का आले मी? सकाळी तो बुटांच्या नाड्या बांधत असताना, "मीही येऊ का?" असं तोंडातून गेलं, आणि त्यानं वर पाहिलं तेव्हा तिनं पटकन पदराचं टोक नीट केलं, जसं काही ते कुणी दुसरंच बोललं होतं. सलोनी म्हणाली होती, "जा गं ममा, आय विल वॉच इट. स्मोक अलार्मसुद्धा मीच बघते."

"म्हातारा काय म्हणत होता एवढं?"

"काही नाही. सायकलीचं काहीतरी."

त्यानं मान हलवली. मागे, कुलूप घातलेल्या पेटीत, ती होती. आर्नहेम शहराच्या वरचा रस्ता, दोन्ही बाजूंना बीचची झाडं, तांबूस व्हायला लागलेली.

देवीचे शुक्रवार धरले होते तिनं. ह्यांच्या हातून ही शिकार सुटू दे. दुसरं काही मागितलंच नाही, स्वतःसाठी तर नाहीच, आणि मनात कुठेतरी ह्याचा थोडा अभिमानही होता. मग मागच्या शरदात तो दुपार उलटल्यावर परतला, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि न्हाणीघराच्या दाराशीच म्हणाला, "नळी गेली. गोळी भलतीकडेच लागली, मंजू. पहाटेपासून रक्ताच्या मागे हिंडलो, विलेमचा कुत्रा नसता तर सापडलं नसतं ते डुक्कर. माझ्या हातनं हाल झाले त्याचे." रायफलीच्या कपाटाला कुलूप लागलं ते लागलंच. तिनं उद्यापन केलं, पुरण घातलं. देवीनं ऐकलं म्हणून किती वेळ हात जोडून बसली होती...

आणि मग तो घरी राहिला. शनिवारी घरी, रविवारी घरी. सोफ्यावर, खिडकीकडे पाठ करून, मोबाइलवर बोट सरकवत. विचारलं तर उत्तर द्यायचा, नाही असं नाही. पण उंबरा... उंबरा रिकामा झाला. हे तिला आधी कळलंच नाही. रानातून आला की तो आंघोळीच्या आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहायचा — तिच्याच नियमापायी आत पाऊल टाकत नसे — आणि तिथूनच बोलत राहायचा, ती पोळ्या लाटत असताना: हरणाची मादी शिंकली आज, अगदी माणसासारखी, धुकं होतं आणि त्यात नुसते पाय दिसत होते, वरचं अंगच नाही, तुझी आठवण झाली, तू असतीस तर घाबरली असतीस. "मी कशाला घाबरू?" पाठमोरीच म्हणायची ती. त्याच्या अंगाला कुजक्या पानांचा, ओल्या सालीचा वास. तो वास आत येऊ नये म्हणून खिडकी उघडायची, आणि पोळ्या मुद्दाम हळू लाटायची. एवढाच संसार होता बहुतेक त्यांचा, त्या उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे, आणि तिनं शुक्रवार धरून तोच...

श्रावणात एकदा त्याला ताट वाढताना ती म्हणाली, "नवी नळी बसवून का नाही घेत?" त्याचा हात थांबला. "तू सांगतेस?"

"मी कुठे काय सांगतेय. विचारलं आपलं."

देवीनं दिलेलं परत करता येतं का, हे तिला कुठल्याच पोथीत सापडलं नव्हतं. आणि रायफल हातात एकदा आली, की तो पुन्हा उंबऱ्याशी उभा राहील, हे तरी कुठे कुणी सांगितलं होतं?

एका वळणावर गाडी हळू झाली. जिथे तो आणि विलेम गाडी लावायचे ती जागा असावी; मंजूषा तिथे कधी आली नव्हती. त्यानं काच खाली केली, थांबला मात्र नाही. थंड हवा आत आली, आणि तो वास — कुजकी पानं, ओली साल. तिनं श्वास घेतला, आणि सोडायचा राहूनच गेला.

घरी दिवा शांत तेवत होता. सलोनी त्याच्यापुढे मांडी घालून, कानात काहीतरी घालून बसलेली. "इट्स फाइन, ममा. मी तेलपण घातलं." प्रसन्न न सांगता वर गेला. आंघोळ करून आला तेव्हा केस ओले होते, हातात ती. पाटावर ठेवली, विळीच्या शेजारी. झेंडूच्या पिवळ्या उजेडात दस्ता तोच, जुन्या ओरखड्यांचा. नळी मात्र काळी, नितळ, कुणाचीच नसल्यासारखी.

"सो बाबा, इज इट द सेम गन?"

"नंबर तोच आहे," तो म्हणाला.

हळद झाली, अक्षता झाल्या. वाटीतल्या कुंकवात तिनं अनामिका बुडवली आणि हात तिथेच अडला. आता कळलं होतं, हे ओलं कुंकू पोलादाला कसं खातं ते. एका थेंबाचं वर्षभरात काय होतं ते. कोरडीच चिमूट टाकावी का, झटकली की जाणारी? की दस्त्याला लावावं, लाकडाचं काय बिघडतं... आणि त्याला कळलं असेल का, की मला त्या डागाचं कळलंय? ती वर पाहीना. तिला त्याचा हात दिसत होता. परवाना त्याच्या नावावर, म्हणून हात असायचाच तिथे. पण दर वर्षी तो दस्त्यावर असायचा. आज पुढे होता, नळीच्या टोकाशी, आणि अंगठा टेकलेला... वाचता वाचता कुणी हाक मारली की पुस्तकाच्या ओळीवर ठेवतात तसा.

"लावतेस ना?" तो म्हणाला. फार हळू. आणि अंगठा उचलला.

काळ्या पोलादावर त्याचा ओला ठसा तसाच उमटून राहिला. तो पुसायला त्याचा हात फडक्याकडे गेला नाही.

ह्या क्षणी मागायचं असतं काहीतरी. दर वर्षी ओठांवर तयार असायचं. आज ती चाचपडत राहिली आणि तिथे शब्दच नव्हता, नुसती ओढ होती, कुणाच्या पायाशी ठेवता न येणारी, आणि त्या ओढीची लाज वाटत नव्हती. ठसा कडेकडेनं आटायला लागला होता. तिच्या बोटाच्या टोकाशी कुंकवाचा थेंब जमत होता, जड होत होता, आणि तिला घाई नव्हती.