पक्षी पडतो

थोरलीने सगळ्या सोंगट्या तळहाताने टेबलाच्या मधल्या खाचेत ढकलल्या. खाच मिटली, आतलं यंत्र घरघरलं आणि चारही बाजूंनी नव्या सोंगट्यांच्या भिंती वर आल्या. माहजाँगचा शेवटचा डाव.

समोर बसलेली धाकटी रुमालाने बोटं पुसत होती. आपल्या चष्म्याच्या दुकानात काचा पुसाव्यात तशी, एकेक.

“पाणी हवंय का तुला?” थोरलीने विचारलं.

“तुम्ही घ्या.”

डावीकडच्या दंतवैद्याने मान खाली घातली. सख्ख्या बहिणीला अहोजाहो केलेलं तो सकाळपासून ऐकत होता, तरी दर वेळी त्यालाच अवघडल्यासारखं होत होतं.

“कॅमेऱ्यासमोर तरी नीट बोल,” थोरली ओठ फारसे न हलवता म्हणाली.

“नीटच बोलतेय, मॅडम. का, कॅमेऱ्यासमोर माझी आणखी एखादी गंमत सांगायची राहिलीय?”

“भांडण घरी न्या गं बायांनो,” उजवीकडच्या निवृत्त गणिताच्या बाई म्हणाल्या. “मला हरायचंच आहे, ते निदान शांतपणे हरू द्या.”

बाई आणि दंतवैद्य केव्हाच मागे पडले होते. राष्ट्रीय संघात एकच जागा उरली होती आणि ती या दोघींपैकी एकीला मिळणार होती. थोरली थोड्याशा गुणांनी पुढे होती. हा डाव जिंकायची तिला गरज नव्हती. धाकटीला हवी असलेली सोंगटी आपल्या हातून टाकली जाऊ नये, एवढंच तिला सांभाळायचं होतं. माहजाँगमध्ये दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर आपला हात पुरा झाला, की ‘रॉन’ म्हणायचं; मग त्याचे सगळे गुण टाकणाऱ्याला मोजावे लागतात.

धाकटीच्या मागे भिंतीवर माहजाँगवरच्या एका कार्टून मालिकेचं पोस्टर होतं. पुढे तलवार उपसावी तशी सोंगटी उगारलेली मोठी बहीण, आणि तिच्या मागे, दुसरी एक सोंगटी छातीशी धरून डोळे विस्फारलेली गोलमटोल धाकटी, चिमणी. थोरली त्या मालिकेची सल्लागार होती. घरातलं काहीतरी सांगा, असं लेखकांनी म्हटल्यावर तिने पक्ष्याची गोष्ट सांगितली होती. बांबू, बिंदू असे सोंगट्यांचे रंग असतात; त्यातल्या बांबूच्या एक्क्यावर पक्षी कोरलेला असतो. तो हातात उलटा आला, की तिची बहीण सोंगटी फिरवून त्याला सरळ उभा करायची.

“उलटा ठेवला की पक्षी पडेल, असं वाटायचं तिला,” ती म्हणाली होती. “कुणी डोक्यात भरवलं होतं कोण जाणे!”

लेखक पोट धरून हसले. मालिका गाजली. मग धाकटीच्या टेबलावर बसणारा प्रत्येक जण तिच्या बोटांकडे पाहू लागला. सोंगटी फिरली, की हातात पक्षी. ती हरत गेली. दुकानात डोळे तपासून घ्यायला आलेली मुलं खुर्चीत बसल्या बसल्या ओरडायची, “चिमणी, पडेल! पडेल!” काही काळाने तिने ती सवय मोडली. बहिणीच्या घरी येणं त्याआधीच बंद केलं होतं. आईही धाकटीकडे राहायला गेली.

“कौतुकानेच सांगितलं मी,” थोरली आईला फोनवर म्हणाली होती. “सगळ्या जगाला आवडते ती.”

“जगाला आवडते गं,” आई म्हणाली. “तिला नाही आवडत.”

डाव सुरू झाला. पहिल्याच उचलीत थोरलीला पक्षी आला. तिने तो रांगेच्या टोकाला लावला. धाकटीची नजर क्षणभर वर आली आणि पुन्हा आपल्या सोंगट्यांवर गेली.

डाव पुढे सरकत गेला. सोंगट्या टेबलावर टेकल्याचे आवाज, आणि बाईंचा एक उसासा. थोरलीचा स्वतःचा हात जमत नव्हता, पण त्याची तिला फिकीर नव्हती. भिंतीतल्या सोंगट्या संपत आल्या. टोकाचा पक्षी आता टाकून द्यावा, म्हणून तिने त्यावर बोट ठेवलं. पण पाळी अजून धाकटीची होती.

धाकटीने सोंगटी उचलली. पाहिली. आणि तर्जनी व अंगठ्याने ती अर्धी फिरवून रांगेत ठेवली.

एवढंच. दंतवैद्याचं लक्ष नव्हतं. कॅमेऱ्यालाही कदाचित दिसलं नसेल. थोरलीला मात्र दिसलं. इतक्या वर्षांनी, इतक्या माणसांसमोर, ती बोटं पुन्हा जुनीच झाली होती. पोरगी घाबरलीय, तिच्या मनात आलं. तिला धाकटीची दया आली, आणि त्याबरोबरच हिशेबही झाला. पक्षी ठेवलाय, म्हणजे ती बांबू जमवतेय. बांबू टाकायचा नाही.

धाकटीने दुसरी एक सोंगटी टाकली, मग दंतवैद्याने. पाळी आल्यावर थोरलीने टोकाच्या पक्ष्यावरचं बोट उचललं आणि सात बिंदूंची सोंगटी टेबलावर ठेवली.

“रॉन,” धाकटी म्हणाली, आणि आपली रांग तिने एका हाताने पुढे पाडली.

बिंदूच बिंदू होते. थोरलीने नुकत्याच टाकलेल्या सातची जागा त्यांत रिकामी होती, तिच्या शेजारी सहा, आणि सहाच्या पलीकडे मघाशी फिरवलेली सोंगटी. पाच बिंदूंची. वरून पाहा, खालून पाहा, ती सारखीच दिसते.

पलीकडच्या टोकाला दोन पक्षी होते. थोरलीला ते व्यवस्थित पायांवर उभे दिसत होते. आपण समोरच्या बाजूने पाहतोय, हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. धाकटीच्या बाजूने ते डोक्यावर होते. डावभर तसेच असणार. थोरलीचा हात आपोआप त्यांच्याकडे गेला.

“हात लावू नका,” धाकटी म्हणाली. “मोजणी व्हायचीय.”

पंच आले, वाकले, गुण वाचून दाखवले. मागे टाळ्या वाजल्या. बाईंनी धाकटीची पाठ थोपटली आणि दंतवैद्याला घेऊन चहाच्या टेबलाकडे गेल्या.

“पाच का फिरवलीस?” थोरलीने विचारलं.

“तुम्ही बघत होतात म्हणून.”

“म्हणजे मुद्दाम.”

“मग काय चुकून?” धाकटीने रुमालाची घडी घालून पर्समध्ये टाकली. “एवढी गाजलेली सवय. एकदा तरी मला उपयोगी पडायला नको?”

“मी वाईट हेतूने सांगितलं नव्हतं. किती वेळा सांगू?”

धाकटी उठली. खुर्ची टेबलाखाली सरकवली. मग खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून जरा थांबली.

“पक्षी पडतो, असं तूच सांगितलं होतंस मला.”

सकाळपासून पहिल्यांदाच ‘तू’ आलं होतं. ते ‘तुम्ही’पेक्षा थंड होतं.

“मी?”

“पलंगाखाली खेळायचो तेव्हा. तुझ्या हातात उलटा आला होता, तू रडायला लागलीस. मग मला म्हणालीस, तूपण सरळ करत जा, नाहीतर पडतात. मी करत गेले.” तिने पर्स खांद्याला लावली. “नाही पडत. बघितलं मी आज.”

ती पोस्टरखालून दाराकडे गेली. दारात कुणीतरी तिला सही मागितली आणि ती उभी राहिली.

यंत्राची खाच उघडून वाट पाहत होती. थोरलीने आपली रांग आत ढकलण्यासाठी हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. टोकाला तिचा स्वतःचा पक्षी होता, जो टाकला असता तर ती संघात असती. तो पायांवर उभा होता. तसाच आला होता, की तिनेच फिरवला होता, हे तिला काही केल्या आठवेना.