संबंध येतो का?

“संबंध येतो का आता?” तपासून झाल्यावर हात धुता धुता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

कडकमावशीला धाकटा दीर आठवला. घराच्या वाटणीवरून तोंड फिरवून गेलेला.

“आता कुठला येतो,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. सुटले एकदाची.”

बाईंनी मान हलवली आणि समजावून सांगितलं. गर्भाशय खाली उतरलं होतं. ते उचलून टाक्यांनी जागेवर बांधता येईल, पण ते काम मोठं. त्यापेक्षा सोपं म्हणजे खालची वाटच शिवून बंद करायची. मावशी सांगतात तसं असेल, तर बंद केलेलीच बरी. मावशीने लाजेकाजेस्तव ‘बरं’ म्हटलं आणि ती उठली.

सगळा जन्म तिने हॉटेलांच्या चादरी धुतल्या होत्या. धुलाईखान्यात तिला कडकमावशी म्हणत, वेटरांच्या कॉलरींना ती लावायची त्या स्टार्चमुळे आणि जिभेमुळेही. ओल्या चादरींचे गठ्ठे तिने बाळंतपणानंतर सव्वा महिन्याच्या आतच उचलायला घेतले होते. तेव्हाच्या बायकांना दुखणं अंगावर काढण्याचीच सवय. अंग बाहेर येतंय हे कळूनही तिने तेच केलं, आणि आता ते अंगाशी आलं होतं.

संध्याकाळी ती आणि नवरा शेवटच्या चादरींच्या घड्या घालत होते. तो तिथेच इस्त्रीचं यंत्र चालवायचा. त्याने दोन टोकं धरायची, तिने दोन. मग दोघांनी चालत मध्ये यायचं, बोटांना बोटं लागली की टोकं एकाच्या हातात द्यायची. लग्नही याच चादरींत जुळलं होतं, असं जुनी माणसं चिडवायची.

चादर मध्ये आली तेव्हा त्याने विचारलं, काय म्हणाल्या बाई. तिने सगळं सांगितलं, दिराचंसुद्धा.

तो टोकं धरून तसाच उभा राहिला.

“अगं, डॉक्टरला तुझ्या दिराशी काय घेणं? तिने माझ्याबद्दल विचारलं असणार.”

मावशी कानापर्यंत लाल झाली.

“खोटं नाही बोललीस म्हणा,” तो चादरीकडे बघत म्हणाला. “त्यालाही दोनच वर्षं झाली.”

दोन वर्षांपूर्वी तिने आपली खाट बाहेरच्या खोलीत नेली होती. कारण सांगितलं होतं त्याच्या घोरण्याचं. खरं कारण तिने आज, उरलेल्या घड्या घालताना, एकेका चादरीला थोडं थोडं करून सांगितलं. अंग बाहेर येतंय हे त्याला कळेल, किळस येईल, याची भीती वाटली होती.

“म्हणजे मी पाठीला उशी बांधून कुशीवर निजतोय, ते फुकटच?”

ती इतकी हसली की मध्येच दुखून खाली बसली. तो शेजारी टेकला. मग हळूच म्हणाला, “तुझ्या जिवाला जे सोपं ते कर. पण माझं वय झालंय म्हणून बंद करू नकोस. तुझं झालंय म्हणूनही नको.”

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

“काल मला दीर वाटला. तुम्ही नवऱ्याचं विचारत होता. यायचा, आणि पुढेही यायला हवाय. वाट बंद करायची नाही.”

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. आपणच सरळ विचारायला हवं होतं, म्हणाल्या. मग मोठ्या शस्त्रक्रियेचे धोके सांगितले, पुन्हा उतरू शकतं तेही, आणि आता ओझं उचलणं कायमचं बंद.

“ते बंद करा,” मावशी म्हणाली. “ते खुशाल करा.”

शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच दिवसांनी ती धुलाईखान्यात आली तेव्हा कोणीतरी तिला खुर्ची दिली. गठ्ठे दुसऱ्याच बायका उचलत होत्या. तिचे हात मांडीवर नुसतेच पडून होते. नवऱ्याने एक वाळलेली चादर आणली, दोन टोकं तिच्या हातात दिली आणि मागे मागे सरकत चादर ताणली.

मग सगळं अंतर तो एकटाच चालत आला.