जावई थांबत नाही

आमच्या सोफ्यांच्या कारखान्यात ते यंत्र आलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या उजव्या खांद्याला झाला. सोफ्याचा लाकडी सांगाडा उचलून उलटा करायचा, खालून कापड ताणून पिना मारायच्या, पुन्हा सुलटा करायचा, हे करून करून तो पार कामातून गेला होता. डॉक्टर म्हणाले, जड उचलणं बंद. मालक म्हणाले, उचलणं बंद तर काम बंद. तेवढ्यात हे आलं. एकच हात, पण आमच्या चुलतसासऱ्यांच्या मांडीएवढा जाड, आणि सोफा असा अलगद फिरवायचा की बघत राहावं.

त्याच्या अंगावर करड्या रबराची कातडी होती. तिच्याखाली जागोजाग सेन्सर. माणसाचा जरा धक्का लागला की यंत्र जागच्या जागी थांबणार, असं इंजिनियर बाईंनी समजावून सांगितलं आणि आमच्या मनगटांवर पट्टे बांधून त्या दुसऱ्या कारखान्यात निघून गेल्या. हात आपल्या बाजूला यायला लागला की तो पट्टा मनगटाला हलकेच थरथरून सांगायचा, सरका. सगळं छान होतं. पण कुणाचा साधा कोपर लागला तरी यंत्र लाल दिवा लावून गप्प उभं राहायचं आणि कुणीतरी जाऊन बटण दाबल्याशिवाय हलायचं नाही. एवढे मानपान म्हटल्यावर आम्ही त्याचं नाव जावई ठेवलं.

जावई दिवसभर रुसलेलाच असायचा, आणि त्याला रुसवणारी व्यक्ती माझ्याच शेजारी बसायची. माझी थोरली नणंद. वन्सं हातांनी बोलतात. शेजारणीच्या कुत्र्याची गोष्ट सांगायची तरी त्यांना दोन माणसांची जागा लागते. "एवढं मोठं कुत्रं गं!" की त्यांचा हात थेट जावयाच्या पोटात. लाल दिवा. मग वन्सं त्यालाच विचारणार, "अगं बाई, लागलं का रे?" आणि मी बटण दाबायला उठणार. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

शेवटी मालकांनी सगळ्यांना गोळा केलं. "सोमवारी तपासनीस येतायत. त्यांनी सही केली तर यंत्र राहील, नाहीतर परत जाईल. आणि सारखं बंद पडणारं यंत्र बघून कोण सही करेल?"

म्हणजे यंत्र गेलं की मी गेले. मी कंबर कसली. सोफ्याच्या फुलाफुलांच्या कापडाच्या लांब पट्ट्या कापल्या आणि मालकांसकट प्रत्येकाचे कोपर बरगड्यांशी बांधून टाकले. पॉलिशवाला जावयाजवळून श्वास रोखून, आडवा चालत जायला लागला. नाक खाजवायचं तर आधी लांब कोपऱ्यात जायचं, असा नियम केला. पहिल्या दिवशी सगळे हसले. तिसऱ्या दिवसापर्यंत जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदाही थांबेना.

आणि कोपर बांधल्याबरोबर वन्सं बोलायच्या थांबल्या. हा शोध आमच्या घरात इतकी वर्षं कुणालाच कसा लागला नव्हता! त्या तोंड उघडायच्या, हात उचलायला जायच्या, पट्टी ताणली जायची आणि वाक्य आतल्या आत विरून जायचं. घरी आल्यावरसुद्धा गप्पच. नवरा म्हणाला, "ताईला बरं नाहीये का?" मी म्हटलं, "मला तर फार बरं वाटतंय." लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

सोमवारी तपासनीस आले. शांत, टापटीप माणूस, हातात छोटी पेटी.

"यंत्र थांबतं का?" त्यांनी विचारलं.

"छे!" मालकांनी छाती फुगवली. "अजिबात थांबत नाही."

"आधी थांबायचं," मी घाईघाईने म्हटलं. "आम्ही मोडली ती सवय."

तपासनीस दोन पावलं मागे, दाराकडे सरकले. मग त्यांचं लक्ष आमच्या कोपरांकडे गेलं. "यांना कशाला बांधलंय?"

"यंत्राच्या कामात अडथळा नको म्हणून," मालक म्हणाले.

"अहो, थांबतं की नाही हेच बघायला मी आलोय! माणूस आड आला की ते थांबायलाच हवं. तेवढ्यासाठी तर कातडी आहे ती."

मालकांची छाती हळूहळू जागेवर आली. माझं तोंड तर बघण्यासारखं झालं असणार.

तपासनिसांनी पेटीतून धक्क्याचा जोर मोजायचा एक स्प्रिंगचा काटा काढला, गती कमी केली आणि काटा जावयापुढे धरला. जावई काट्याला टेकला आणि थांबला. त्यांनी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. "यंत्र ठीक आहे," ते म्हणाले. "पण याच्याबरोबर तुम्हाला काम करायचंय. तुमच्यापैकी कुणी आपणहून याच्यापुढे उभं राहत नसेल, तर मी सही करणार नाही."

कुणी हललं नाही. आठवड्यापूर्वी आम्ही त्याला येता-जाता धडकत होतो, तेव्हा काही वाटलं नव्हतं. पण आता आम्हीच त्याला न थांबायला शिकवलंय, अशी आमची पक्की समजूत झाली होती. पॉलिशवाला डबे पुसायला लागला. मालक छत न्याहाळायला लागले. खरं तर मीच जायला हवं होतं. नोकरी माझी होती. पण मी पिनांचा डबा उघडून पिना मोजायला लागले.

तेवढ्यात वन्सं पुढे झाल्या. कोपर बांधलेले, त्यामुळे बदकासारख्या डुलत डुलत.

"मी राहते उभी," त्या म्हणाल्या. आठवड्यातलं पहिलं पूर्ण वाक्य. "हिचा खांदा गेलाय. हे यंत्र गेलं तर पोरीनं काय करायचं?"

आठवडाभर मी ज्या माणसाला गप्प करून खूश होते, ते माणूस माझ्यासाठी तिथे उभं होतं, आणि घाबरलेलंही होतं. पट्टीवरची फुलं थरथरत होती.

"वन्सं, सरका तिकडे," मी म्हटलं आणि त्यांना चिकटून उभी राहिले.

"मेली, तू कशाला आलीस?"

"तुम्हाला काही झालं तर घरी काय तोंड दाखवू?"

जावई निघाला. दोघींच्या मनगटांचे पट्टे एकदमच थरथरले. वन्संनी डोळे मिटले, मी त्यांचा पदर घट्ट धरला. तो जाड हात आला, माझ्या दुखऱ्या खांद्याला टेकला, एखादी मांजर येऊन टेकते तसा, आणि थांबला.

तपासनिसांनी सही केली. मालकांनी टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला, पण बांधलेल्या कोपरांनी काही नीट जमेना.

मी कात्री घेतली आणि सगळ्यात आधी वन्संची पट्टी कापली.

"बोला," मी म्हटलं. "आठवड्याचं सगळं बोला."

आणि त्यांच्या हातांना जागा व्हावी म्हणून जरा सरकून बसले.