तिसरा फुलका

"तो बस म्हणेपर्यंत ताट रिकामं दिसता कामा नये."

सासूबाईंनी हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. मी चुलीपुढे बसले होते, हातात चिमटा होता आणि पहिलाच फुलका फुगता फुगता फाटला होता. भगवतीदेवी त्यांचं नाव. आवाज कधी चढायचा नाही, पण सांगितलेलं मनात रुतून बसायचं. त्या दिवसापासून बत्तीस वर्षं मी ह्यांच्या ताटावर नजर ठेवून आहे. एक फुलका संपत आला की दुसरा तूप लावून पडलाच पाहिजे.

ह्यांचं नाव हीरालाल. मंठ्यात आमचं कापडाचं दुकान आहे. आषाढात ह्यांचे गुडघे फार दुखायला लागले, म्हणून श्रेयांस, आमचा मुलगा, त्यांना जालन्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. वजन भरलं चौऱ्याण्णव किलो. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण खरं औषध तुमच्याच ताटात आहे. निदान आठ किलो कमी करा. पोळी, भात, साखर निम्म्यावर आणा."

दुसरं कोणी असतं तर हसून सोडून दिलं असतं. ह्यांनी कागद घडी करून पाकिटात ठेवला. त्यामागचं कारण मला ठाऊक होतं.

ह्यांची धाकटी बहीण शालू. बावीस वर्षांपूर्वी तिने दीक्षा घेतली, जैन साध्वी झाली. आता तिला त्या नावाने हाक मारायची नाही, आम्ही महासतीजी म्हणतो. गाडीत बसणं जन्मभराचं सुटलं, गावोगाव पायीच विहार. दीक्षेच्या दिवशी हे तिला म्हणाले होते, "तुम्ही मंठ्यावरून जाल तेव्हा पुढचा पहिला टप्पा मी तुमच्याबरोबर चालेन." तीन वेळा चाललेही. चौथ्या वेळी, चार वर्षांपूर्वी, जिंतूर रोडवर दोन किलोमीटर झाले आणि दम लागून हे रस्त्याच्या कडेला बसले. श्रेयांस गाडी घेऊन येईपर्यंत महासतीजी लिंबाखाली थांबल्या. "दया पाळा" एवढाच आशीर्वाद दिला आणि निघाल्या. घरी आल्यावर हे दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत.

यंदा त्यांचा चातुर्मास जालन्याला होता. कार्तिकी पौर्णिमेनंतर मंठ्यावरून जिंतूरकडे, आणि तिथून पुढे कर्नाटकात. परत कधी, कुणी सांगावं! पहिला टप्पा अकरा किलोमीटरचा.

डॉक्टरांनी आहाराचा छापील कागद दिला होता, तो आमची सून शिखा वाचत होती. "सकाळी अंडी. मम्मीजी, हे तर गेलं. दुपारी पालकाचं सूप. चातुर्मासात पालेभाजी बंद. मोड आलेली कडधान्यं... ती पण नाही. कांदा, गाजर, मुळा नाही. आता कागदावर उरलं काय? पाणी!"

"उकळून," हे म्हणाले.

शेवटी आम्हीच आमचं ठरवलं. अख्खे मूग, मठ, हरभरे मोड न काढता शिजवायचे. पनीर, दुधी, दोडका. अष्टमी-चतुर्दशीसारख्या तिथीला हिरवं चालत नाही, त्या दिवशी बेसनाचे गट्टे, तेल बेताचं. भात बंद, चहात साखर बंद, आणि फुलके दोनच. सूर्यास्तानंतर आमच्याकडे तसंही कुणी खात नाही, तेवढं एक पथ्य आयतंच होतं.

महिना झाला. सकाळी बाजार समितीपर्यंत चालून यायचे, चहा कडू तोंड करून प्यायचे. काटा चौऱ्याण्णववरून त्र्याण्णवावर आला आणि तिथेच बसला.

एका दुपारी हे जेवून उठत होते तेव्हा शिखा म्हणाली, "पप्पाजी, आज किती फुलके झाले?"

"दोन."

"सात. मीच लाटले."

ह्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी दोनच खाल्ले. बाकीचे हिने वाढले."

"वाढले म्हणजे काय?" मी म्हणाले. "तुम्ही बस म्हणायचं की!"

"मी कसं म्हणणार?" हे एकदम गडबडले. "आईने लग्नाच्या वेळीच बजावलं होतं. म्हणाली, नवी पोर आहे, घाबरत घाबरत वाढते. तू बस म्हणालास तर तिला वाटेल फुलका बिघडला. ती थांबेल तेव्हा तू थांब."

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. "आणि मला सांगितलं होतं, तुम्ही बस म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

शिखा हसत हसत ओट्याला टेकली ती खालीच बसली. भांडी घासायला आलेली द्वारकाबाई दारात उभी होती. लग्नापासून ती आमच्याकडे, तिला सगळ्यांना बोलायची मुभा.

"म्हंजी बत्तीस वर्सं तुमी दोघं एकमेकाची वाट पाहून राह्यले?" ती म्हणाली. "शेठ, मंग हे पोट तुमचं न्हाईच. भगवतीमायचं हाये बराबर."

हेही हसले, मीही हसले. नंतर मात्र आतल्या खोलीत एकटी बसले तेव्हा मनात आलं. सासूबाईंना काय दोष द्यायचा? एकाला दुसऱ्याचं मन सांभाळायला सांगितलं, दुसऱ्याला पहिल्याचं. आम्ही दोघांनी ऐकलं, एवढंच झालं.

समजलं म्हणून सुटलं असं नाही. दुसऱ्या दिवशी तिसरा फुलका माझ्या हाताने आपोआप ताटात पडला. ह्यांनीही तो संपवला. तिसऱ्या दिवशीही तेच. शिखा म्हणाली, "तुमच्यापेक्षा दुकानातलं शटर बरं, खाली ओढलं की थांबतं."

मी रोज सकाळी सामायिक, म्हणजे दोन घटकांचं ध्यान, झाल्यावर नियम धरते. आज इतकेच पदार्थ, आज अमुक वस्तू नाही, असं मनाशी ठरवून हात जोडायचे. आजवर धरलेला नियम मी मोडलेला नाही. त्या सकाळी एक जास्तीचा धरला, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. एका जेवणाला ह्यांच्या ताटात माझ्या हातून तिसरा फुलका पडणार नाही.

दुपारी दुसरा फुलका संपला. ताट रिकामं दिसायला लागलं. ह्यांचं बोट वाटीच्या काठावर फिरत होतं. भूक होती, ती मला दिसत होती. बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. माझे डोळे भरून आले, मी धुराचं निमित्त करायला गेले, तर समोर गॅसची शेगडी.

"मूग आहेत का अजून?" ह्यांनी विचारलं.

मी वाटी भरून दिली.

"आता फुलके संपलेत ना? मग उभी का? बस इथं. तूही खा."

हे आधी जेवायचे आणि मी मागून, एकटी, ओट्यापाशी. त्या दिवशी पहिल्यांदा शेजारी ताट मांडलं. तेव्हा कळलं, हे जेवताना किती बोलतात! कुणी कुठलं कापड मागितलं, कोणाच्या घरी लग्न आहे, दुकानासमोरची मांजर कशी साडीच्या गठ्ठ्यावर झोपते. हे सगळं आजवर भिंतीला ऐकवत होते की काय, कोण जाणे. मूग चावायला वेळ लागतो, त्यामुळे जेवणही लांबायचं, आणि दुसऱ्या फुलक्यापर्यंत पोट भरल्यासारखं वाटतं, असं हेच म्हणायला लागले.

काटा उतरू लागला. मधे एकदा चढलाही. मी एक दिवसाचं आयंबिलाचं व्रत केलं, तर हेही माझ्यासोबत बसले. बिनतुपाचं, बिनमिठाचं, म्हणजे वजनाला चांगलंच, असा हिशेब. कोरडा भात आणि जाड रोट्या पोटभर खाल्ल्या.

"पप्पाजी," शिखा म्हणाली, "तूप काढलं म्हणजे भाताची भाजी होत नाही."

"तप तर झालं ना?" हे म्हणाले. "दोन्हीकडचं पुण्य एकाच ताटात मिळत नसतं, हे आत्ता कळलं."

पर्युषणातल्या शेवटच्या उपवासाचं, संवत्सरीचं पारणं माझ्या चुलत नणंदेकडे, कांताबाईंकडे होतं. आमच्यात पारण्याला मनुहार असते, आग्रहाने तोंडात घास भरवायचा, नाही म्हणणाऱ्याला तर दोन. कांताबाई बेसनाचा लाडू घेऊन ह्यांच्यापुढे आल्या. "भाईसाब, तोंड उघडा. बहिणीचा हात मागं जाणार का?"

सगळे बघत होते. मी मान खाली घातली.

"बस, कांताबाई." ह्यांनी हात जोडले. "आज बिलकुल बस. अडीच महिन्यांनी मला बहिणीच्याच मागं चालायचंय."

कांताबाईंनी तो लाडू स्वतःच्या तोंडात टाकला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "चाला. माझ्या वाट्याची चार पावलं पण चाला."

पौर्णिमेला काट्यावर शहाऐंशी भरले. गुडघा अजून कुरकुरतो, जिना उतरताना जास्त. डॉक्टर म्हणाले, सावकाश चाला, जमेल.

आठवड्याने महासतीजी मंठ्याला आल्या, साधू-साध्वी उतरतात त्या जैन स्थानकात दोन दिवस थांबल्या. पहिल्याच दर्शनाला त्यांनी ह्यांच्याकडे नीट पाहिलं, पण खाण्यापिण्याबद्दल काही विचारलं नाही. "साता आहे ना?" म्हणजे बरं आहे ना, एवढंच. हे "हो" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या वेळेला आम्ही स्थानकापाशी होतो. थंडी चांगलीच होती. गावातली पंधरा-वीस माणसं जमली होती, विहाराला सोबत जाणारी. श्रेयांस गाडी घेऊन आला होता.

"पप्पा, मी मागे मागे हळूहळू येतो. लागली तर..."

"तू दुकान उघड," हे म्हणाले. "आज बाजार आहे."

"पण गुडघा..."

"माझ्याबरोबरच आहे तो."

मी उकळलेल्या पाण्याची बाटली ह्यांच्या हातात दिली. महासतीजी बाहेर आल्या, नवकार मंत्र म्हणून झाला, रांग हलली. हे सगळ्यांच्या मागे गेले, बुटाची नाडी एकदा वाकून घट्ट केली आणि जिंतूर रोडला लागले.