घोंगडीखालचा हात

सांगलीच्या कृष्णाघाटावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. डोळ्यांना पट्टी बांधलेले अंतर्ज्ञानी महाराज मनातलं ओळखतात म्हणे! प्रश्न महाराजांना सांगायचाच नाही, शिष्याच्या कानात कुजबुजायचा. शिष्य तोंडातून अवाक्षर काढत नसे. घोंगडीखाली महाराजांचा हात धरून नुसता बसे. की महाराज गरजलेच, "तुझ्या काळजाचं दार आमाला सताड उघडं हाय, माउली!"

हळदीचा दलाल नानासो आपल्या थोरल्या बहिणीला, चंद्राबाईला, घेऊन पुढं सरकला. तिचा मुलगा जोतीराम ब्रह्मदेशात लढाईवर होता आणि त्याचं पत्र थांबलं होतं. ती शिष्याच्या कानाशी पुटपुटली.

"पोरगं पलटणीत," महाराज म्हणाले. "आठ महिनं पत्र न्हाई!"

चंद्राबाईनं महाराजांचे पाय धरले.

"घरात नवं पाऊल कुणाचं पडलं?"

"सुनंचं, महाराज! शालूचं!"

"ते पाऊल भाईर काढ. पत्र येतंय बघ."

पण महाराज बोलायच्या आधी शिष्याच्या कोपराजवळची शीर हललेली नानासोनं पाहिली होती. वीस वर्षं तो पेठेत उपरण्याखाली बोटं धरून सौदे करत आला होता. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, पंजा सोडून पुन्हा तीन बोटं म्हणजे आठ. भाव ठरतो आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही. शिष्य बोटांनीच महाराजांना सगळं सांगतोय, हे त्याला तिथल्या तिथं कळलं. पण भोवती शेकडो माणसं हात जोडून उभी होती, आणि आक्का कितीतरी दिवसांनी हसली होती. त्यानंही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी शालूचं गाठोडं तिच्या माहेरच्या, तासगावच्या मोटारीवर त्यानंच चढवलं. पोरीनं एवढंच विचारलं, "मामा, माजं काय चुकलं?" त्यानं तोंड फिरवलं.

मग आठवडाभर त्याचा एक सौदा धड होईना. उपरण्याखाली कुणी बोटं धरली की त्याला स्वतःचीच किळस यायची. शेवटी हमाल केरबाला घेऊन तो घाटावर गेला आणि शिष्याला खेटून बसला. केरबानं मागून शिष्याचं तोंड दाबलं. पोती उचलणारा हात तो, सुटतोय कशाला! लोक "काय रं, काय झालं" म्हणेपर्यंत नानासोनं शिष्याचा हात बाजूला सारून आपला घातला होता. त्यानं महाराजांची करंगळी दाबली, मग दोन बोटं धरली.

"दुखणं हाय!" पट्टीतले महाराज गरजले. "दोन महिनं अंथरुणावर!"

अंगठा दाबला, मग पंजा धरला.

"पोरगं पलटणीत! पाच महिनं पत्र न्हाई!"

नानासोनं घोंगडी खसकन ओढली. "बगा रं! कुणी काय इचारलंच न्हाई. मी नुसती बोटं दाबतोय, आन् ह्यो बोलतोय!"

मग कुणीतरी फिसकन हसलं. शिष्यानं तर सगळंच ओकून टाकलं. अंगठा पलटणीचा, करंगळी दुखण्याची, बाकी आकडे गुरांच्या बाजारातले.

"आवं नानासो," एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमाला कवा कळलं ह्ये?"

आजच, म्हणता आलं असतं. पण गर्दीत समोर चंद्राबाई उभी होती.

"पयल्याच दिवशी," नानासो म्हणाला.

चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला. "आन् तू मला पोरीला घालवू दिलंस, नाना?"

दोघं त्याच दुपारी तासगावला गेली. चंद्राबाईनं शालूला पोटाशी धरलं. नानासो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मला कळलं हुतं, पोरी. त्या गर्दीची लाज वाटली."

"गर्दीची वाटली," शालू म्हणाली. "माजी न्हाई वाटली?"

त्यानं तिचं गाठोडं उचललं आणि परतीच्या मोटारीवर स्वतः चढवलं.

शालू घरी आली. पत्र अजून आलेलं नाही. ते यायचं तर टपालानं येईल, कुणाच्या पावलावर अडलेलं नाही. म्हणून सांगतो मंडळी, कुणी हात झाकून चमत्कार दाखवायला लागला, तर आधी घोंगडी उचला. आणि खाली काय चाललंय ते ज्याला कळलंय, त्यानं तर दुसऱ्याची वाट बघूच नये.