आरिफा सिस्टरची उंची

“माय, आजबी नाई होनार,” बाकावरच्या हंसाबाईला एवढं सांगून आरिफा सिस्टर तिच्याकडे न बघताच वळली. तोंड लपवायची तशी गरज नव्हती. हंसाबाईला दिसत कुठं होतं? एक डोळा कधीच गेलेला, उरलेल्यावर मोतीबिंदू. महागावकडच्या तांड्यावरून यवतमाळला ऑपरेशनसाठी ती तिसऱ्यांदा आली होती.

“मंग आता नाई येत मी,” हंसाबाई म्हणाली. “आंधळीले कायले येवढं फिरवता?”

ऑपरेशन थिएटरमध्ये हवेतले कण मोजणारं यंत्र पुन्हा लाल झालं होतं. मर्यादेच्या जरासंच वर. पण लाल म्हणजे ऑपरेशन बंद. आरिफाने फरशी पुसून घेतली, दारं तपासली, एसीवाल्याला शिव्या घातल्या. आकडा काही खाली येईना. शेवटी तिनं यंत्राच्या इंजिनियरला, इंद्रजीतला फोन लावला.

“मॅडम, सेटिंगमध्ये उंची किती दिसते?”

“दीड मीटर.”

“दीड? अहो, यवतमाळ समुद्रापासून साडेचारशे मीटर वर! उंचावर हवेचा दाब कमी, हवा विरळ. मशीन ठरावीक वजनाची हवा ओढतं. हवा विरळ असली की जास्त ओढावी लागते, मग कणही जास्त येतात. खरी उंची भरली की ते सांभाळून घेतं. दीड कोणी भरलं?”

आरिफानं कपाळावर हात मारून घेतला.

“बसवताना तुमच्याच मानसानं फोनवर इचारलं, मॅडम, उंची किती? मले वाटलं एप्रन शिवून देऊन राह्यले. मी माही सांगितली.”

इंद्रजीतनं हसू दाबलं. शेजारी उभं राहून ऐकणाऱ्या डॉक्टरांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. “सिस्टर, तुम्ही जरा उंच असता, तर ऑपरेशन कधीच झालं असतं!”

उंची बदलली. पुन्हा मोजलं. यंत्र हिरवं. आरिफा बाहेर धावली, तर बाक रिकामा. थिएटरच्या चपलांवरच ती रस्त्यावर आली. हंसाबाईचा मुलगा संजय तिला ऑटोत बसवत होता.

“माय, थांबा! होते आज.”

“काहून? साफ झाली का हवा?”

हो म्हटलं असतं तर भागलं असतं.

“हवा साफच होती माय. मागच्या येळीबी. चूक माही होती.”

संजय तावातावानं पुढे आला. हंसाबाईनं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि हात पुढे केला. तो आरिफा उभी होती तिथून बरंच डावीकडे गेला.

आरिफा गुपचूप सरकली आणि त्या हातापुढे जाऊन उभी राहिली.