पोटातलं चालतं, पदरातलं नाही

शांतवन साळवे बोटीवर नेमकं काय काम करत होता, हे गावाला कधी धड कळलं नाही. लोकांची समजूत अशी, की बोटीवरचा माणूस म्हणजे चाक फिरवणारा, नाहीतर गेला बाजार कोळसा ओढणारा तरी. आणि हा बाबा चावडीपुढं बसून सांगायचा, "मी शिडीच्या तोंडाला टोपली घेऊन उभा ऱ्हायचो."

"मंग?"

"मंग काय. उतरनाऱ्या लोकांच्या पिशवीतली अंडी काढून घ्यायचो."

माणसं पोट धरून हसायची. यात हसण्यासारखं काय, ते शांतवनला कळायचं नाही, कारण बिचारा खरंच सांगत होता. ती माल वाहणारी बोट नव्हती. हौशी गोऱ्यांना देशोदेशी फिरवून आणणारी होती. सकाळी बंदराला लागली की गोरे टोप्या घालून उतरायचे, दिवसभर गावात भटकायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. आता बोटीवरचं सकाळचं खाणं केवढं म्हणता? त्यात आपल्याकडची एक अख्खी जेवणावळ उठली असती. पण त्यातला कण बंदरावर न्यायचा नाही, असा कित्येक मुलखांचा कायदा. परक्या फळामांसासंगं रोग येतो म्हणे. आणि त्या भरल्या पोटाच्या माणसांना नेमकी तीच खोड. दुपारच्याला होईल म्हणून कुणी टोपीत पाव दडवी, कुणी छत्रीत केळी. शिडीवरचा साहेब पिशव्या उघडायला लावी आणि शांतवन टोपली पुढं करी. एखादा हट्टी गोरा टोपलीत टाकण्याऐवजी तिथंच उभ्यानं सगळी केळी संपवी, मग साहेब हसून त्याला वाट देई. पोटातलं चालतं, पिशवीतलं नाही, असा तिथला कारभार.

एक म्हातारी मडम होती. स्वतः चिमणीएवढं खायची आणि दर बंदराला रुमालात एक गोड पाव बांधून शिडीपाशी यायची. दर वेळी तो पाव टोपलीत जायचा आणि दर वेळी तिचे डोळे भरायचे. कुणासाठी नेते, हे विचारायला शांतवनकडं भाषा नव्हती. एवढ्या मोठ्या घरची बाई एका पावासाठी रडते कशी, हे कोडं घेऊनच तो गावी परत आला.

परत आला, कारण बोट मोडीत निघाली. इकडं दुष्काळ वाट बघत बसलेला. आणलं होतं नव्हतं ते कोरड्या सालांत संपलं आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा उजाडला. कालव्याच्या बाजूला, देवळालीकडं, निदान ऊस हिरवा दिसत होता. इथं बाभळींनीसुद्धा मान टाकलेली. सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर, त्यात शांतवन आणि त्याची बायको कृपाही. रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशी जोंधळा, मिळायचा. तोही बोटीतनंच आलेला. त्याची भाकरी मोठी माणसं कशीबशी गिळायची. पण त्यांची रूथ होती दीड वर्षाची. गोवर नुकताच उतरलेला, कृपाचं दूध आटलेलं, आणि मिलो पोटात गेला की पोरीला जुलाब. पोरीला पचायची ती एकच गोष्ट, सुकडी. म्हणजे भाजलेलं पीठ, तेल आणि गूळ. काम सुटताना कामावरच्या प्रत्येक बाईला ती मूठभर मिळायची. मात्र तिथंच खायची, घरी न्यायची नाही. आणि बाया काय करायच्या? पदराला गाठ मारायच्या आणि घरची वाट धरायच्या.

कृपा तर रोजची सगळी सुकडी रूथच्या तोंडात घालत होती. शेवटी एक दिवस मातीची पाटी डोक्यावर घेऊन बांध चढताना तिला घेरी आली आणि ती खाली गडगडली. कपाळ फुटलं. शांतवननं तिला उचललं, तर हाताला वजनच लागेना. पोर जगायला पाहिजे, ते झालंच. पण ही गेली तर पोरीला कोण? आणि पोरीचं राहू द्या, ही गेली तर त्याला तरी कोण होतं?

त्याच सांजेला मुकादम भिमाजी त्याच्याकडं आला.

"शांतवन, कामावरचा साहेब लई तापलाय. बाया खात न्हाईत आनि कामावर पडत्यात. तू बोटीवर हेच काम करत हुतास न्हवं? उद्यापास्नं डब्यापाशी उभा ऱ्हा. पोटात गेल्याबिगर कुनाला सोडायचं न्हाई."

"आनि घरच्या लेकरांचं काय?"

"लेकरांचं वरनं काय आलं तर सांगतो. सध्या तरी डबा राखनाऱ्यालाबी सुकडी न्हाई, तर लेकरांचं कुठं घिऊन बसलास?"

शांतवन हो म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाच सांगता आलं नसतं. कृपाच्या पोटात चार घास जातील, एवढंच त्याला दिसत होतं. रूथच्या पोटात काय जाईल, हा विचार तो पुढं ढकलत होता. गोऱ्यांना घास नेऊ दिला नाही, कारण त्यांची पोटं भरलेली होती आणि कायदा होता. इथं पोटं रिकामी होती आणि तरीही कायदा होता, आणि वर हा कायदा चुकीचा म्हणायचीही सोय नव्हती. बायकोच्या कपाळावरची पट्टी समोर दिसत होती.

दुसऱ्या दिवशी काम सुटलं. डब्यापुढं बायांची रांग लागली. शांतवन उभा, हात मागं बांधून, थेट शिडीवरच्या साहेबासारखा. पुढं छबूबाई होती. तोंडानं फटकळ, मनानं बरी.

"शांतवनभाऊ, माज्या छत्रीत केळी हायती का बगा की."

बाया हसल्या, पण हसणं लगेच विरलं. एकेकीनं मुकाट्यानं खाल्लं. कुणी त्याच्याकडं बघत खाल्लं, कुणी पाठ करून. एकीनं तर त्याच्या नावानं बोटं मोडत खाल्लं. मग कृपाची पाळी आली आणि पुढं गेलेल्या बायाही थबकल्या. घरच्या बाईला हा कसा सोडतो, ते सगळ्यांनाच बघायचं होतं.

कृपानं ओंजळीत सुकडी घेतली. डोळे मिटून प्रार्थना केली. जेवणाआधीची प्रार्थना ती काय, दोन वाक्यांची. पण आज ती संपेचना. मग डोळे उघडून हळूच म्हणाली, "रूथीला काय देऊ?"

"आदी तू खा."

"हे तुमी सांगता, का मुकादम?"

"मी सांगतो," शांतवन म्हणाला. चारचौघांत बायकोशी असं बोलायची त्याला सवय नव्हती. "तू पडलीस तवा माजा जीव ऱ्हायला न्हवता, कृपा. मला तू पायजेस."

मग तिनं एक घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. सावकाश, शेवटच्या कणापर्यंत तिनं सगळं तोंडात घातलं, रिकामे हात दाखवले, पदर झटकून दाखवला आणि चालू लागली.

शांतवनला हायसं वाटलं. डबा भिमाजीच्या हवाली करून तो धावतच तिच्यामागं गेला.

"हळू चाल की," तो म्हणाला. कृपा चालत राहिली.

"मला काय हौस हाय का? तूच सांग." ती गप्प.

"उद्या नगरला जातो. पाळकसाहेबांस्नी गाठतो. मिशनमदी दुधाची भुकटी येती म्हनं. मिळंल." कृपानं मान हलवली, पण ओठ काही उघडले नाहीत.

"राग आलाय?" तिनं मानेनंच नाही म्हटलं. आता काय समजायचं माणसानं? राग नाही म्हणते आणि शब्दही टाकत नाही. लग्न झाल्यापासून तिनं कधी अबोला धरला नव्हता. भांडायची, पण तोंडानं भांडायची. वाटेत माळावर घटकाभर बाभळीखाली टेकले. ऊन नुसतं भाजत होतं. शांतवननं तांब्यातलं पाणी तिच्यापुढं धरलं, तर तिनं हातानं तांब्या बाजूला सारला. झालं, शांतवन मनात म्हणाला, हिला आता माझ्या हातचं पाणीही नको. त्याला मडमेचे भरलेले डोळे आठवले. तीही अशीच काही न बोलता शिडी उतरून जायची. आपण आयुष्यभर बायांच्या हातातलं काढून घेण्यासाठीच जन्मलो की काय, असं त्याला वाटायला लागलं आणि रडू आलं. बायकोपुढं रडायचं नाही म्हणून तो दोन पावलं मागं राहिला.

घरी त्याची आई गोजरबाई रूथला मांडीवर घेऊन झोके देत होती. पोर किरकिरून किरकिरून दमलेली, नुसती ओठ हलवत होती. कृपानं पाय धुतले नाहीत, काही नाही. पोरीला घेऊन उंबऱ्यातच बसली, तिच्यावर वाकली आणि आपल्या गालात बोट घातलं. मऊ झालेली सुकडी तिच्या बोटावर आली. ती तिनं रूथच्या तोंडात सारली. मग दुसऱ्या गालातली. पोरीनं मचमच केलं, गिळलं आणि आणखी हवं म्हणून तोंड उघडलं. कृपानं दाताला चिकटलेलं तेवढंही बोटानं काढून तिला चाटवलं.

शांतवन तांब्या हातात धरून दारातच उभा होता.

कृपानं त्याच्या हातातला तांब्या घेतला. घटाघटा प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि कितीतरी वेळानं बोलली.

"निम्मं गिळलं म्या. तुमच्यासाटी. निम्मं हिचं." मग म्हणाली, "आता सांगा. वाटंनं काय इचारत हुता?"

शांतवन तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला आणि पोरीचं तोंड पुसू लागला.